सयाजीच्या गाडीची डबी

कुंभारी गावात फवारणीचा पंप बंद पडला की लोक सयाजीकडे येतात. आजारी वासराच्या पोटाला कान लावावा, तसा तो इंजिनाला कान लावतो.

असंच एक टाकून दिलेलं इंजिन घेऊन त्यानं हातभर लांबीची मोटारगाडी केली. रिमोटवर चालणारी. तिचं इंजिन पेट्रोलवर धावतं. पण हुकूम ऐकणारा रिसिव्हर आणि तो पाळणारे दोन सर्वो, एक चाकं वळवणारा, दुसरा पेट्रोल कमी-जास्त करणारा, हे सगळे चार सेलच्या एका डबीवर जगतात. गाडी बघायला येईल त्याला सयाजी बजावायचा, "ह्या डबीवर दुसरं कायबी जोडायचं न्हाय. रिसिव्हरचा घास हाय त्यो. त्यात वाटेकरी न्हाय चालत."

अधिक महिन्यात लेक आरोही आणि जावई आदिनाथ मोहोळहून धोंड्याच्या जेवणाला आले. जावयापुढं गाडी झळकावी म्हणून सयाजीनं तिला रंगीत दिव्यांची माळ गुंडाळली. आणि माळेची वायर जोडली, ती त्याच डबीला.

दिवेलागणीला अंगणात भावकी जमली. सयाजीनं रिमोट जावयाच्या हाती दिला. "पावणं, पयला मान तुमचा."

गाडी निघाली. पहिल्या वळणाला दिवे क्षणभर मंदावले. सयाजीनं ते पाहिलं, तरी गाडी थांबवायला सांगितलं नाही. दुसऱ्या वळणाला डबीचा जोर संपला, दिवे विझलेच. रिसिव्हर बहिरा झाला, सर्वो होते तिथंच थिजले, पेट्रोल उघडं राहिलं. गाडी सरळ सुटली ती त्याच्या बायकोनं, सोनाबाईनं मांडलेल्या ओवाळणीच्या ताटावर. निरांजन उलटलं, पुरणाचे धोंडे धुळीत गेले, गाडी भिंतीला धडकून बंद पडली.

"काय सयाजी, जावयाला ओवाळाय गाडीच धाडली व्हय?" शेजारचा धुळाप्पा म्हणाला. अंगण हसलं.

ते हसू सयाजीला सोसलं नाही. "गाडी लई चांगली हाय," तो बोलून गेला. "पावण्यांचा हात जड हाय."

हसणं तिथंच थांबलं. आदिनाथनं रिमोट हळूच खाली ठेवला. "व्हय मामा. माजंच चुकलं आसंल."

आरोही धुळीतले धोंडे वेचत होती. लहानपणापासून ती त्या डबीचा नियम ऐकत आलेली. तिनं विझलेल्या माळेकडं पाहिलं, मग बापाकडं. सयाजीनं मान खाली घातली, ती वर निघेना.

सोनाबाईनं उरलेले धोंडे वाढले. जावई पानावर बसला, पण त्याचा हात पानाकडं जाईना.

"आवो," सोनाबाई दबक्या आवाजात म्हणाली, "लेकीला तितं नांदायचं हाय की."

सयाजी उठला. गाडी उचलून त्यानं जावयाच्या पानासमोर आणली आणि सगळ्यांदेखत पक्कडीनं माळेची वायर तोडली.

"डबीवर बोजा मीच टाकला, पावणं. दिवं मंदावल्यालं बी मला दिसलं हुतं. तरी तुमच्यावर ढकललं."

मग आदिनाथ म्हणाला, "बसा मामा. धोंडं गार व्हायल्यात."

तो जेवला. पोटभर जेवला. पण रिमोटला त्यानं त्या दिवशी हात लावला नाही, आणि अजूनही लावत नाही.

सयाजी मात्र जावई येणार कळलं की गाडी पुसतो, डबीत नवे सेल भरतो, आणि रिमोट ओसरीच्या कट्ट्यावर ठेवतो, जावयाच्या हाताला लागेल असा.