दशमीची भरती

हिराजी केणी कशाकशाला भ्यायचा ते सांगत बसलो तर दिवस पुरणार नाही. तो पाण्याला भीत नसे, एवढं सांगितलं की बाकी सगळं आलं. फौजदार, पोस्टमन, देवी टोचणारा डॉक्टर, मिठाच्या खात्याचा शिपाई, कुणीही समोर आलं की त्याचा हात आपोआप डोक्यावरच्या फडक्याकडे जायचा. मी भाईंदरला बोर्डाच्या शाळेत मास्तर. त्याच्याहून दहा वर्षांनी लहान, तरी तो मलाही भ्यायचा. मला ते आवडायचं. मास्तर लोकांना आवडतंच ते, खोटं कशाला बोला.

पेणकरपाड्याच्या खालच्या अंगाला खाडीचा एक अरुंद फाटा आत शिरतो, त्याच्या काठाला मिठागरं होती. खाडीचं पाणी आगरात घ्यायला आणि सोडायला बांधात लाकडी दार असतं, त्याला उघाडी म्हणतात. हिराजी ती उघाडी सांभाळायचा. घड्याळ त्यानं कधी बाळगलं नाही. आज तिथी कोणती, पाणी फळीच्या कितव्या खाचेवर, यावर त्याचा दिवस चालायचा, आणि तो कधी चुकायचा नाही.

एकतीस साली माघ शुद्ध दशमीला संध्याकाळी आगराच्या मुकादमाचा खून झाला. सात वाजता तो दुकानातून निघाला आणि पावणेआठला बांधाच्या आडोशाला मेलेला सापडला. आठ दिवसांपूर्वी त्यानं पोशा नावाच्या आगरातल्या गड्याच्या चारचौघांत थोबाडीत मारली होती. पोलिसांनी पोशाला धरलं. पोशा सांगत होता की मी त्या वेळी नायगावहून येणाऱ्या होडीत होतो, उतरून घरी जायला साडेआठ झाले. होडीवाल्याला काही आठवेना.

हिराजीनं पोशाला बांधावरून येताना चांदण्यात पाहिलं होतं. जिल्ह्याच्या कोर्टात त्याला विचारलं, कधी पाहिलंस? तो म्हणाला, उघाडीला भरती भरली होती तेव्हा. सरकारी वकिलानं मुंबई बंदराचं भरती-ओहोटीचं छापील पुस्तक काढलं, त्या दिवशीची वेळ इंग्रजीत वाचली आणि हिराजीला विचारलं, बरोबर ना? इंग्रजीतलं अक्षर हिराजीला कळत नव्हतं. काळ्या कोटातला माणूस विचारतोय म्हटल्यावर तो म्हणाला, व्हय सायेब. पोशाला फाशीची शिक्षा झाली आणि वरच्या कोर्टानं ती कायम केली.

ती बातमी वर्तमानपत्रात आली तेव्हा मी स्टेशनजवळच्या दुकानात नेहमीसारखा मोठ्यानं पेपर वाचत होतो. त्याच वर्षी दिल्लीच्या असेंब्लीत बिहारच्या एका सभासदानं फाशी बंद करण्याचं बिल आणलं होतं आणि ते पडलं होतं. कराचीच्या काँग्रेसनंही फाशी नको असा ठराव केला होता. या दोन्ही बातम्या मी इथंच वाचून दाखवल्या होत्या, आणि खुन्याला फाशी द्यायची नाही तर काय पेढे द्यायचे, असं दुकानातले लोक म्हणाले तेव्हा मीही मान डोलावली होती. त्या दिवशी पोशाची बातमी वाचताना ‘सायंकाळी सात वाजून पंचवीस मिनिटांनी आरोपीस बांधावर पाहिले’ हे वाक्य आलं आणि कोपऱ्यात बसलेला हिराजी उठून माझ्यापाशी आला.

“मास्तर, दशमीचे सांजंला सात-पंचवीसला माजे उघाडीला पानी कुठशी? तवा तां समिंदरान भरतं. माजेकडं यायला तास-सवातास लागतंय.”

मी त्याला दुकानाबाहेर काढलं. सात-पंचवीस ही पुस्तकातली मुंबई बंदराची वेळ होती. भांगाच्या, म्हणजे अष्टमी ते दशमीच्या दिवसांत पाण्याला जोर नसतो, ते फाट्यातून रेंगाळत येतं, हे आगरावरच्या कुणालाही विचारलं असतं तर त्यानं सांगितलं असतं. कोर्टात कुणाला विचारायचं सुचलं नाही. हिराजीच्या उघाडीला भरती भरली तेव्हा साडेआठ वाजले होते, मुकादमाला मरून पाऊण तास होऊन गेला होता, आणि पोशा सांगत होता ते अक्षर न् अक्षर खरं होतं.

आता काय करायचं ते स्पष्ट होतं. हिराजीनं प्रतिज्ञापत्र करायचं आणि सरकारकडे दयेचा अर्ज पाठवायचा. लिहिणार कोण? आसपास लिहिणारा मीच. चळवळीचे दिवस होते. नुसत्या सभेला उभा राहिला म्हणून तालुक्यातल्या एका मास्तराला बोर्डानं घरी बसवलं होतं. कोर्टाचा निकाल चुकला असं माझ्या अक्षरात सरकारला कळवायचं म्हणजे माझी भाकरी गेलीच.

माझ्याकडे पिनल कोडाचं एक मराठी पुस्तक होतं. गावात शहाणपण मिरवायला ते मला फार उपयोगी पडायचं. मी हिराजीला घरी नेलं, पुस्तक काढलं आणि त्याला कलम वाचून दाखवलं: खोट्या साक्षीमुळे निरपराध माणूस फाशी गेला, तर साक्ष देणाऱ्यालाही फाशी होऊ शकते. मी म्हणालो, नीट विचार कर, तू कागदावर अंगठा दिलास की साक्ष खोटी होती असं तूच लिहून दिल्यासारखं होईल.

हिराजी मटकन खाली बसला. त्यानं एवढंच विचारलं की अंगठा नाही दिला तर? मी म्हणालो, तर तुला कोण विचारतंय.

दोन दिवसांनी दशमी होती. त्या सकाळी चौक गावच्या किनाऱ्यावर, जिथं समुद्राचं पाणी मुंबईबरोबरच भरतं, आणि उघाडीवर पाणी कधी भरतं ते घड्याळं लावून मोजलं असतं तर अर्जाला पुरावा झाला असता. दशमी आली आणि गेली. हिराजी उघाडीवर गेला नाही, त्यानं बायकोला, जिजाबाईला, पाठवलं. तिनं मला नंतर सांगितलं की तो जेवत नव्हता, कुत्रं भुंकलं तरी दाराला आतून कडी लावायचा. पोशाची आई रोज शाळेच्या पायरीवर येऊन बसायची. तिला यातलं काही ठाऊक नव्हतं. मास्तर लिहितात-वाचतात, काहीतरी करतील, एवढंच तिच्या मनात. मी मागच्या दारानं घरी जायला लागलो.

शेवटी हिराजीच आला. पोशाच्या आईनं त्याच्या जिजाला म्हणे विचारलं होतं, फाशी देतात तेव्हा लेकराला आधी जेवू घालतात काय. हिराजी माझ्या दारात येऊन उभा राहिला.

“मना लटकवतील तं लटकवू दे. लिवा मास्तर.”

मग मला नाही म्हणायला जागाच उरली नाही. पुढची दशमी तीन दिवसांवर होती. चौकाचा गॅब्रियल, मासेमारीच्या मचव्यावरचा जाणता तांडेल, लगेच तयार झाला. आपल्या पाद्रीबाबांचं घड्याळ त्यानं मागून आणलं. ते आणि माझं, अशी दोन्ही घड्याळं आम्ही आदल्या दिवशी स्टेशनच्या घड्याळाशी लावली. दशमीला सकाळी चौकाला पाणी भरलं सात वाजून पाच मिनिटांनी. हिराजीच्या उघाडीवर ते भरलं सव्वाआठला. मी फळीकडे आणि घड्याळाकडे आळीपाळीनं बघत उभा होतो. त्याच दिवशी गॅब्रियलनं चौकातून आणि हिराजीनं पेणकरपाड्यापासून वरसाव्यापर्यंत दीडशे अंगठे गोळा केले. भाईंदरच्या खाडीला पाणी मुंबईच्या नंतर भरतं, एवढंच त्या लोकांनी सरकारला सांगितलं होतं. दुसऱ्या दिवशी, शनिवारी, अर्ज पोस्टात पडला.

पोशाला सोमवारी फाशी दिली. गुरुवारी उत्तर आलं: शिक्षेची अंमलबजावणी झाल्यानंतर अर्ज पोचला असल्यामुळे विचार करण्याचे कारण उरले नाही. मी ते कागदावरून वाचलं. हिराजीनं ते पुन्हा वाचायला सांगितलं. मी पुन्हा वाचलं.

त्या दिवसापासून हिराजी पोलिसांची वाट बघू लागला. आपण अंगठा दिलाय, पोशा फाशी गेलाय, आता कलमाप्रमाणे आपली पाळी, यात त्याला तिळमात्र शंका नव्हती. एक वर्ष, दोन वर्षं, दहा वर्षं. खाकी टोपी दिसली की त्याचा रंग उडायचा. आणि असा हा भित्रा माणूस, कुठंही कुणाला फाशीची शिक्षा झाल्याचं कानावर आलं की माझ्याकडे यायचा, अर्ज लिहून घ्यायचा आणि अंगठ्यांसाठी गावोगाव हिंडायचा. त्या माणसानं खून केलाय की नाही हे तो विचारत नसे. एकदा मी चिडून म्हणालो, अरे, याचा गुन्हा तर कबूल झालाय. तो म्हणाला, कोर्टाला चुकाया जागा ऱ्हाऊ दे, बाकी त्याला जलमभर कोंडा. असेंब्लीत बिल आणणाऱ्या त्या सभासदानं याहून काही वेगळं सांगितलं असेल असं मला वाटत नाही. बेचाळीसच्या चळवळीत फाशीची शिक्षा झालेल्या चिमूर-आष्टीच्या कैद्यांसाठी सह्या निघाल्या तेव्हा भाईंदरच्या बाजारात तो दारोदार गेला. उद्या ये म्हणणाऱ्याच्या ओट्यावर तो बसून राहायचा, माणूस कंटाळून अंगठा द्यायचा.

पंचेचाळीस साली चिमूर-आष्टीच्या उरलेल्या कैद्यांची फाशी रद्द झाल्याची बातमी मी त्याला वाचून दाखवली. तो म्हणाला, आता मना वकिलाकडं न्या. माजं काय व्हायचं ते एकदा कळू दे, चौदा वरसं झाली. मी टाळायचा प्रयत्न केला. वकील फी घेतील, आता जुनं कशाला उकरतोस, असं बरंच काही म्हणालो. त्यानं ऐकलं नाही. आयुष्यात पहिल्यांदाच तो मला भ्याला नाही.

वसईच्या वकिलांनी सगळं शांतपणे ऐकलं. मग पिनल कोड काढून ते कलम त्यांनी सुरुवातीपासून वाचलं आणि मराठीत समजावून दिलं. समोरच्याला फाशी व्हावी या हेतूनं, जाणूनबुजून जो खोटं सांगतो, त्याच्यासाठी हे कलम आहे. तुम्ही पाहिलं तेच सांगितलंत. वेळ दुसऱ्यानं काढली. तुमच्या केसालाही कधी धक्का लागला नसता. अहो, पहिल्या दिवशी कुणाला विचारलं असतंत तरी त्यानं हेच सांगितलं असतं.

हिराजीला हायसं वाटेल, असं वकिलांना वाटलं असावं. ते हसत होते. हिराजी माझ्याकडे वळला.

“मास्तर, तुमी कलम वाचलंवतं ना?”

“वाचलं होतं,” मी म्हणालो.

“पयल्यापासून?”

कलमाची सुरुवात माझ्या पुस्तकातही होती, अगदी स्वच्छ अक्षरात. त्या दिवशी माझं बोट तिच्यावरून गेलं होतं आणि मी वाचायला खालून सुरुवात केली होती. हिराजी भ्याला की अर्ज होणार नाही, अर्ज झाला नाही की माझी नोकरी राहील, एवढाच माझा हिशेब. पहिली दशमी मी घालवली. नोकरी राहिली, पुढं पेन्शनही मिळाली. मी वकिलांच्या टेबलाकडे बघत म्हणालो, हो, पहिल्यापासून.

होडीत आम्ही समोरासमोर बसलो होतो आणि तो पाण्याकडे बघत होता. मला त्याची एवढी भीती कधी वाटली नव्हती.

हिराजी त्यानंतर तीन वर्षं जगला. अर्जांसाठीची त्याची पायपीट शेवटपर्यंत चालू होती, लोक मला येऊन सांगायचे. पण ते अर्ज तो चौकाला गॅब्रियलच्या लेकीकडून, व्हेराकडून, लिहून घ्यायचा. जाताना तो माझ्या दारावरून जायचा, आणि मी खिडकी लावून घ्यायचो.