वेगळा टॉवेल

“पाय दाखवा.”

चर्चच्या मागच्या खोलीत, जिथे फादर मिस्सेचे, म्हणजे उपासनेचे, कपडे चढवतात, तिथे कमिटीच्या बाई मला असं म्हणाल्या. मी चप्पल काढली. साडी जरा वर धरली. त्या वाकल्या नाहीत. उभ्याउभ्याच पाहिलं आणि रुमाल नाकाशी नेला.

पायांना वास नव्हता. सकाळी वजरीने घासून घासून टाचा लाल केल्या होत्या. लिंबू चोळलं होतं, खोबरेल लावलं होतं. पण चाकणच्या कंपनीत प्रेस मशीनवर उभं राहणारीचे पाय आहेत ते. शिफ्टभर सेफ्टी शूजमध्ये कोंडलेले. भेगांत ऑइलचा काळा रंग बसलाय, तो काही केल्या जात नाही.

तो पवित्र गुरुवार होता, गुड फ्रायडेच्या आदल्या दिवसाचा. क्रुसावर जाण्याआधीच्या शेवटच्या जेवणाला येशूने आपल्या बारा शिष्यांचे पाय धुतले. धुळीने भरलेले पाय. गुलामाचं काम गुरूने केलं. त्याची आठवण म्हणून दर वर्षी फादर वेदीसमोर बारा माणसांचे पाय धुतात. या वेळी ते म्हणाले, मराठी मिस्सेतलंही कुणीतरी हवं. माझं नाव निघालं.

आमच्याकडे रविवारी मराठी मिस्सा पहाटे असते आणि इंग्रजी नऊला. पहाटेचे आम्ही शेअर रिक्षाने येतो. नऊवाले रावेत-ताथवड्याच्या सोसायट्यांमधून गाड्या घेऊन येतात. देव एकच, प्रसादाची भाकर एकच. पण आम्ही फाटकाबाहेर पडेपर्यंत ते गाडीतच बसून राहतात.

“आंटी, तुम्ही लास्ट चेअरवर बसा,” बाई म्हणाल्या. आंटी! आम्ही दोघी एकाच वयाच्या. “तुमचा टॉवेल वेगळा ठेवलाय. डोन्ट माइंड हां, बाकीच्यांचा पण विचार करावा लागतो.”

मग आवाज खाली आणून, फार आस्थेने, “तुम्ही मूळचे कोण? म्हणजे कन्व्हर्ट व्हायच्या आधी?”

ह्याच बाई चारचौघांत सांगतात की आमचे पूर्वज सारस्वत ब्राह्मण. ख्रिस्ती होऊन कित्येक पिढ्या उलटल्या, तरी ब्राह्मणपण अजून जपून ठेवलंय. आम्ही मात्र सगळं विसरायचं. आणि आम्ही विसरलो, की ह्या आठवण करून देणार.

आमचं गाव जालन्याकडे. तिथल्या विहिरीवर आम्हाला चढू देत नव्हते. आजोबांच्या तरुणपणी एक परदेशी फादर सायकलवरून वस्तीत आला आणि आमच्या माठातलं पाणी मागून प्याला. त्या पाण्यापायी आजोबा स्नानसंस्कार घेऊन ख्रिस्ती झाले. पिता, पुत्र आणि पवित्र आत्मा मिळून एक देव कसा, हे त्यांना शेवटपर्यंत नीट सांगता आलं नाही. हा देव आपल्या हातचं पितो, एवढं त्यांना कळलं होतं. माझी श्रद्धा तिथून आली आहे. फुकट मिळालेली नाही.

तरीही मी जाऊन बसले. माझी सासू पहिल्यांदाच पुढच्या बाकावर बसली होती, डोक्यावर पदर घेऊन. तिला खाली बघायला लावायचं मला जिवावर आलं.

फादर तांब्या आणि घंगाळ घेऊन रांगेत पुढे सरकू लागले. पाणी ओतायचं, पुसायचं, पायाचं चुंबन घ्यायचं. सगळ्यांचे पाय एकाच पांढऱ्या टॉवेलने पुसले. गोरे, मऊ, घरून धुऊन आणलेले पाय. धुतलेलेच पाय परत धुवायचे आणि त्याला नम्रता म्हणायचं. समोर मोबाईल लावलेला, घरी बसलेल्यांना दिसावं म्हणून.

माझ्यापाशी आल्यावर कमिटीच्या बाईंनी पांढरा टॉवेल फादरांच्या हातातून काढून घेतला. दुसरा दिला. पिवळा. दुकानाचा स्टिकर अजून चिकटलेला.

मी पाय मागे घेतला.

“काय झालं, बाई?” फादर गुडघ्यावर होते.

“फादर, त्याच टॉवेलनं पुसणार असाल तर धुवा.”

त्यांना कळलं. मी त्यांचा चेहरा अगदी जवळून पाहिला, त्यांना सगळं कळलं. त्यांनी बाईंकडे पाहिलं, मोबाईलकडे पाहिलं. मग माझ्याकडे न बघता पुटपुटले, “आत्ता नको. नंतर बोलू.”

येशू नंतर बोलू म्हणाला नव्हता. त्याच्या शिष्याने, पेत्राने, आधी पाय धुवून घ्यायला नकार दिला होता, मग तो कबूल झाला. मी झाले नाही. उठले, आणि मधल्या वाटेने अनवाणी बाहेर आले. गायकमंडळी गातच होती.

घरी नवरा चिडला. “कशाला तमाशा केला? आपल्याला हितंच ऱ्हायचंय ना?” सासू म्हणाली, “देवाच्या दारात कुणी रुसतंय व्हय?” कुणीही माझ्या बाजूने बोललं नाही. मला खूप रडू आलं, आणि रडले याचा रागही आला.

ईस्टर झाल्यावर फादर आमच्या मोशीच्या खोलीवर आले. चहा घेतला. “गैरसमज झाला,” म्हणाले. “त्यांचा हेतू वाईट नव्हता. आपण ख्रिस्ती आहोत, क्षमा करायला शिकलं पाहिजे.”

मी विचारलं, “फादर, पाप कबूल न करता क्षमा मिळती का?”

त्यांनी कप खाली ठेवला.

“आधी पश्चात्ताप, मग कबुली, मग क्षमा. लहानपणापासून हेच शिकवलं ना आम्हाला? मग माझ्याच वेळी उलटं कसं? चारचौघांत केलेलं पाप चारचौघांत कबूल करा. माइकवरून. तुम्ही पण, त्या पण.”

फादरांनी घड्याळ पाहिलं आणि निघाले.

मी चर्च सोडलेलं नाही. सोडलं तर त्यांना हायसंच वाटेल. आता मी नऊच्या मिस्सेला जाते, पहिल्या बाकावर बसते. बाई शेजारच्या बाकावर असतात. स्वर्गातल्या बापाची प्रार्थना सुरू झाली की सगळ्यांबरोबर मीही म्हणते. मग ती ओळ येते. आम्ही आमच्या अपराध्यांना क्षमा करतो तशी तू आम्हाला कर, अशा अर्थाची. तिथे मी तोंड मिटते आणि बाईंकडे बघत उभी राहते. त्या ओळीची किंमत मला ठाऊक आहे. मी क्षमा केली नाही तर मलाही मिळणार नाही. न मिळो. माइकवरून कबुली ऐकल्याशिवाय ती ओळ मी म्हणणार नाही, मरतानाही नाही.