हांबुर्गचे चार मुद्दे

कंधारच्या मुलींच्या शाळेत मी भूगोल शिकवायची, तेव्हा हांबुर्ग या शहराचे चार मुद्दे होते. पाचवा नव्हता. एक, मोठे बंदर. दोन, जहाजबांधणी. तीन, व्यापार. चार, येथील लोक उद्योगी, काटकसरी व वक्तशीर आहेत. चौथा मुद्दा मी जर्मनीतल्या सगळ्याच शहरांना लावत असे, आणि वेळ उरला तर जपानलाही. मी एकही जर्मन माणूस पाहिलेला नव्हता. त्यामुळं मतात कधी फरक पडला नाही.

त्या वेळची मी डोळ्यापुढं आणते तेव्हा मलाच घाबरायला होतं. सव्वीस वर्षांची, खळ लावलेली साडी, करकचून घातलेला अंबाडा, हातात नकाशा दाखवायची छडी. ती नकाशाबाहेरही वापरात होती. फळ्यावर जर्मनीचा आराखडा काढायचा आणि निळ्या समुद्राच्या अगदी काठावर, लाटा लागतील असा, हांबुर्गचा ठिपका द्यायचा. बंदर म्हटलं की समुद्र आलाच, एवढा साधा हिशोब. एकदा पहिल्या बाकावरची एक मुलगी उठली. म्हणाली, "बाई, भिंतीवरच्या नकाशात तर ते आत हाय. नदीवर."

मी नकाशाकडं न बघता सांगितलं, "तो नकाशा जुना आहे. बस खाली."

नकाशा त्याच वर्षी आला होता.

असं मी निवृत्त होईपर्यंत चाललं. हांबुर्ग समुद्रात पडलं नाही ते माझ्या ठिपक्यामुळं नाही, एवढं कबूल करते. पुढं लातूरला दोन खोल्यांत राहायला आले आणि जर्मनीचा विषय संपला असं समजले. तो नातीनं परत काढला.

नात माझ्या मुलाची मुलगी. नांदेडला नर्सिंग करून तिथंच एका दवाखान्यात लागली होती. दोन वर्षांनी तिच्या मनात आलं की जर्मनीला जायचं. तिकडं नर्स कमी आहेत, म्हातारे जास्त आहेत. आता भाषा शिकायची तर लातूरला यावं लागतं. लातूरमध्ये डॉक्टर होण्याचे क्लास आहेत, इंजिनिअर होण्याचे आहेत, आणि त्या क्लासात प्रवेश मिळावा म्हणूनही क्लास आहेत. जर्मनचा एका झेरॉक्सच्या दुकानावर निघालेला. पोरगी बॅग घेऊन माझ्याकडं आली ती आठ महिने राहिली.

त्या आठ महिन्यांत मला एक वाईट सवय लागली. संध्याकाळी दार वाजायची वाट बघायची.

पहिली मुलाखत बिघडली. पलीकडच्या दवाखान्यानं विचारलं, आमचंच शहर का निवडलं? पोरगी म्हणाली, तुम्ही बोलावलं म्हणून. उत्तर खरं होतं. दोन दिवसांनी त्यांचं सभ्य भाषेत नको आलं. क्लासच्या सरांनी सांगितलं की यादीत दोनच संधी असतात. दुसरी हुकली की नाव कमी, आणि पोरगी परत नांदेडला, त्याच वॉर्डात. दुसरी मुलाखत हांबुर्गच्या दवाखान्याची आली.

मी तिच्या बाजूनं होते. निदान तोंडानं होते.

"हांबुर्ग?" मी म्हणाले. "काळजीच करू नको. ते माझ्याकडं हाय."

ट्रंकेतून टाचणवही काढली. चष्मा लावला आणि पहिला मुद्दा सांगितला. पोरगी खाटेवर मांडी घालून फोन बघत होती. दुसऱ्या मुद्द्याला तिनं मान वर केली.

"आज्जी, तू कुठल्या सालातलं सांगून राहिलीस? जहाजं बांधायचं काम लई कमी झालंय तिथं. आता विमानं जोडतेत."

"बंदरात विमानं?"

"हाव. अन् समुद्र तिथून शंभर किलोमीटर लांब हाय. गाव एल्बे नदीवर हाय."

मी वही मिटली. शंभर किलोमीटर म्हणजे लातूरला बंदर आणि लोह्याच्या पुढं समुद्र. कंधारच्या किती पोरींनी तो ठिपका माझ्या म्हणण्यावरून पाण्याच्या काठी दिला असेल, आणि त्यातल्या एकीला तरी मी बरोबर सांगितलं म्हणून खाली बसवलं होतं, हे मनात आलं. पण कबूल करायला समोर वर्ग नव्हता, नातच होती. मी म्हणाले, "चहा करतेस का?"

मग आम्ही नवे मुद्दे काढले. ती वाचायची, मी पाटीवर उतरवायची. कागदापेक्षा मला पाटीच बरी, पुसता येते. शेकडो वर्षांपूर्वी तिथल्या व्यापाऱ्यांनी आजूबाजूच्या शहरांशी मिळून एक संघ केला होता. राजांनाही त्यांचं ऐकावं लागे. ते कळायला मला वेळ लागला नाही, आमच्या मोंढ्यातले आडते एक दिवस लिलाव बंद ठेवतात तेव्हा काय होतं ते मी पाहिलंय. कॉफी, मसाले, गालिचे साठवायची लाल विटांची उंचच उंच गोदामं पुढं त्यांच्या वारसांनी पाण्यात खांब रोवून बांधली. होड्या खाली लागायच्या आणि पोती दोरानं वर ओढायची.

"आपल्याकडं सोयाबीन ठेवायला धड शेड न्हाई," मी म्हणाले.

"आज्जी, मुद्दा लिही."

एकदा शहर आगीत जळलं. पुन्हा बांधलं. लढाईत वरून बॉम्ब पडले, पुन्हा जळलं. पुन्हा बांधलं. मग एका हिवाळ्यात नदीला पूर आला, लोक झोपेत बुडाले. मग बांध उंच केले. ज्या गावाला एका उन्हाळ्यात रेल्वेनं पाणी आणावं लागलं होतं, त्या गावातल्या गच्चीवर पोरगी सकाळी येरझाऱ्या घालत पूर पाठ करायची. खाली टँकर लागलेला असायचा. बायका घागरी घेऊन वर बघायच्या. शेजारीण एकदा म्हणाली, "कशाची परीक्षा हाय वो पोरीची?" मी म्हणाले, "पाण्याची."

तिथले जुने व्यापारी म्हणे सरकारनं पदक दिलं तरी घेत नाहीत. आपण कुणाच्या दारचे नाही, असं त्यांचं म्हणणं. यावर माझा विश्वास बसला नाही. आमच्याकडं शाल-श्रीफळ घेतलं नाही असा माणूस मी लातूर-नांदेडमध्ये पाहिलेला नाही. मी स्वतः अकरा शाली घेतल्यात. त्यातल्या दोन दुसऱ्यांच्या होत्या.

"अन् लोक कसे हायेत?" मी विचारलं. हा माझा चौथा मुद्दा, त्याच्यावर माझा अजून हक्क होता.

"सर म्हणले, कमी बोलतेत. सकाळ, दुपार, संध्याकाळ एकच शब्द, मोइन. झाला नमस्कार. दोनदा मोइन मोइन म्हणलं की बडबड्या समजतेत."

मी पाटी खाली ठेवली. "अशा गावात तू राहणार?"

"का? सुट्टी हुईल कानांना."

"कुणापासून?"

ती हसली. मी हसले नाही. म्हणजे नंतर हसले, मोरीत जाऊन.

मुलाखत दुपारी चारला होती. सून नांदेडहून फोनवर होती. "आत्याबाई, दही-साखर दिली का तिच्या हातावर?" दिली होती. मुलगा मागून ओरडत होता, "आईला सांग, मधी-मधी बोलू नको." बोलायचं माझ्या मनात नव्हतंच. माझा इंतजाम वेगळा होता. लॅपटॉप टेबलावर, आणि त्याच्यामागं स्टुलावर मी, हातात पाटी. पाटीवर ठळक अक्षरात: संघ, कॉफी, आग, बॉम्ब, पूर, विमानं. वर एका कोपऱ्यात नदीही काढली होती आणि ठिपका या वेळी बरोबर जागी दिला होता.

परीक्षेच्या केंद्रावर मी एका मुलीच्या वेणीतून कॉपी काढली होती, तिच्या आईनं पाया पडून विनवलं तरी सोडली नव्हती. ती कॉपी पकडणारी बाई मला त्या दुपारी स्टुलावर बसलेली बघती तर तिथल्या तिथं छडी काढती. पण ती सव्वीस वर्षांची होती. तिला नात नव्हती.

पडद्यावर दवाखान्याची मोठी नर्स आली. आखूड पांढरे केस, सरळ चेहरा. एकदाच म्हणाली, मोइन. नातही एकदाच म्हणाली. इथवर ठीक होतं. मग विचारलं, हांबुर्गच का? आणि पोरगी सुटली. मला जर्मन येत नाही, पण आग कुठं संपली आणि पूर कुठं सुरू झाला ते सुरावरून कळत होतं. ती अडली की मी पाटी वर करायची. ती बघायची आणि पुढं जायची. असं तीनदा झालं.

मग ती बाई काहीतरी हळूच म्हणाली. पोरीच्या चेहऱ्याचा रंग गेला.

"काय म्हणली?" मी ओठ न हलवता विचारलं.

"तिथं कोण बसलंय, विचारून राहिल्या."

लॅपटॉप फिरवावा लागला. मी गडबडून नमस्कार केला. पाटी हातातच राहिली, त्यामुळं पाटीचाही नमस्कार झाला. बाई पाटीकडं बघत राहिली. बोट करून काही विचारलं.

"हे काय हाय, म्हणतेत."

"सांग, तुमचं गाव हाय. मी लई वर्षं शिकवलंय. चुकीचं शिकवलं. आत्ता बरोबर काढलंय."

पोरीनं सांगितलं. सगळं सांगितलं का माहीत नाही. बाई हसली नाही. थोडं बोलली. नात माझ्याकडं न बघता मराठीत सांगू लागली, आवाज बारीक झालेला. "त्या म्हणतेत, शहराची माहिती आमच्याकडं हाय, ती तुमच्याकडून नको. ह्या आजी पेशंट समजा. गोळी घेत न्हाईत. तुमची भाषा त्यांना कळत न्हाई. फक्त जर्मन बोलायचं. घेऊन दाखवा."

अभिनयाची गरजच नव्हती. मला जर्मन कळत नाही आणि दुपारची कॅल्शियमची गोळी मी एरवी कुंडीत टाकते. मी खुर्चीवर बसले. पोरीनं गोळी आणि पाण्याचा पेला आणला, आणि जर्मनमध्ये समजावून सांगितलं. मी तोंड मिटलं.

आता खरं सांगते. नुसता पेशंट म्हणून मिटलं नाही. मला लख्ख दिसत होतं की मी तोंड उघडलं तर ही गेली, आणि मिटून ठेवलं तर संध्याकाळी दार वाजणार. एवढं सोपं काम आयुष्यात कुणी मला दिलं नव्हतं.

तिनं परत सांगितलं, हळू. मी कॅलेंडरकडं बघितलं. तिनं हातानं दाखवलं, हाडं, गुडघा, चालणं. मी कॅलेंडरवरची एकादशी शोधत होते. पडद्यावरची बाई काही लिहीत होती. पोरीच्या कपाळावर घाम आला. आता ही चिडणार, मला वाटलं. मी असते तर चिडले असते. वर्गात प्रश्न विचारला की मी दोन श्वास थांबायची, आणि उत्तर नाही आलं की "पुढची!". किती जणींना उत्तर येत होतं आणि तिसऱ्या श्वासाला आलं असतं, ते मला कधी कळलं नाही.

पोरगी चिडली नाही. तिनं गोळी टेबलावर ठेवली. स्टूल ओढलं आणि माझ्यापेक्षा खाली बसली. माझा पदर खांद्यावरून घसरला होता तो नीट केला. मग मनगट धरलं. नाडी बघते असं वाटलं, पण घड्याळाकडं तिचं लक्ष नव्हतं. नुसतं धरलं आणि गप्प बसली.

बाईही गप्प. शेजारच्या घरात कुकरच्या शिट्ट्या झाल्या, तीन. पोरगी बोलेना, हालेना, माझ्याकडं बघत बसली. घाई नाही, राग नाही. किती वेळ गेला कोण जाणे. तीस वर्षं बडबड केलेल्या बाईला शांतता सोसत नाही. मीच हात पुढं केला. गोळी घेतली, गिळली, आणि तोंड उघडून बाईला दाखवलं.

बाईनं मान हलवली. "म्हणतेत, शेवटी तू काही बोलली न्हाईस, ते बरोबर केलंस," पोरीनं सांगितलं. मग बाई गेली.

आठ दिवसांनी पत्र आलं. घेतलं होतं. म्हाताऱ्यांच्या वॉर्डात. भाषेची एक परीक्षा राहिलीय, ती झाली की निघायचं. पोरीनं पत्र आधी जर्मनमध्ये वाचलं, मग मराठीत. फोनवर सून रडली, मुलानं थंडीच्या कपड्यांची चौकशी केली. फोन बंद झाला तेव्हा आम्ही दोघीच होतो.

"आज्जी, त्या दिवशी मुद्दाम तोंड मिटलं होतंस ना?"

"हाव."

"मी जाऊ नये म्हणून?"

"हाव."

"मग उघडलंस कशाला?"

"चहा ठेवायचा होता. तू उठेनास."

तिनं ते ऐकून घेतलं, आणि पुढं काही विचारलंच नाही. बसून राहिली माझ्याकडं बघत. पोरीला आता ही युक्ती पाठ झालीय, वॉर्डात लई उपयोगी पडेल. मी उशी सारखी केली, पंखा कमी केला, चष्मा पुसला, परत तिच्याजवळ येऊन टेकले. शेवटी म्हणाले, "जा की बाई. मी काय धरून ठेवलंय का तुला?"

ती म्हणाली, "मग हात सोड."