बुजगावण्याच्या अंगावरचा वेटसूट

आमच्या पोर्थवेलन गावच्या समुद्रात कोण कोण मुततं याची पक्की माहिती एकाच बाईकडे आहे. तिचं नाव लव्हडे ट्रेंबाथ. बंदराच्या वरच्या अंगाला तिची पत्र्याची शेड आहे आणि एकतीस वर्षं ती तिथे वेटसूट, म्हणजे गार पाण्यात उतरताना घालायचे अंगाबरोबरचे रबरी पोशाख, दुरुस्त करते. दारावर पाटी आहे: ‘धुऊन आणा. मला कळतं.’ गावातली यच्चयावत माणसं, पाद्री आणि मुख्याध्यापिका धरून, शपथेवर सांगतात की आपण असलं काही करत नाही. लव्हडे सूट नाकाशी नेते, मान हलवते आणि म्हणते, “असू दे राजा, पाणी गारच असतं.” तिच्या लेखी सगळे पुरुष राजा आणि सगळ्या बायका राणी. काम कधी होईल असं विचारलं तर “करते की जरा वेळाने” म्हणते. याचा अर्थ आज दुपारी असा असतो किंवा ईस्टरनंतर असा.

मी तिच्याकडे पहिल्यांदा गेले ती फितवायला. माझी शाल्मली तेव्हा बारा वर्षांची होती आणि तिला ऐन जानेवारीत लाटांवर जायचं खूळ लागलं होतं. नशिबाने तिचा सूट गुडघ्यावर फाटला. मी लव्हडेला बाजूला घेऊन हळूच म्हटलं, की आता हा दुरुस्त होत नाही असं तिला सांगा. लव्हडेने मला आपादमस्तक न्याहाळलं.

“पोरगी घरात ठेवायचीय तर दाराला कुलूप लाव, राणी. माझ्या हातच्या कामाला नाव ठेवू नकोस.”

सायकलच्या पंक्चरला लावतात तसलं काळं सोल्यूशन लावून, वरून ठिगळ दाबून, तिने दहा मिनिटांत सूट परत दिला. मग पांढऱ्या रंगाच्या पेनाने कॉलरच्या आत शाल्मलीचं नाव आणि साल लिहिलं. वर आधीच तीन नावं होती. आमच्याकडे वाढत्या वयाच्या पोराला नवा सूट घेणं ही उधळपट्टी समजतात. सूट घरोघर फिरतो आणि कॉलरमध्ये त्याची वंशावळ वाढत जाते. त्या दिवसापासून चार हिवाळे मी थर्मास घेऊन बंदराच्या भिंतीवर बसले आणि पाण्यातली डोकी मोजली. बुडण्याविषयी जे जे छापून आलंय ते सगळं मी वाचलं आहे.

लव्हडेचं पोट चालतं ते टेकडीवरच्या कंपनीवर. ही कंपनी रेनकोट, लोकरी टोप्या आणि वेटसूट बनवते. तिच्या प्रत्येक वस्तूवर एखादं झाड नाहीतर देवमासा छापलेला असतो. ‘आमचा सूट, आयुष्यभर दुरुस्ती मोफत’ असं कंपनीने जगाला वचन दिलं आहे. ते वचन म्हणजे लव्हडे, तिची शिवणसुई आणि एक गळकं छप्पर. कॅटलॉगमध्ये तिच्या हातांचा फोटोही आला होता. तोंडाचा घेतला नाही, कारण तोंड बंद राहत नव्हतं.

गेल्या नोव्हेंबरात कंपनीचा नवा शाश्वतता प्रमुख क्रिस्पिन शेडमध्ये आला. माणूस वाईट नव्हता. मांस खात नाही, सायकलने येतो, समुद्राकडे नुसतं बघूनही त्याला मळमळतं. त्याने कागद उलगडून सांगितलं की आकडेवारीप्रमाणे एक सूट सरासरी तीन वर्षं वापरला जातो. म्हणून आता जुना सूट परत करणाऱ्याला झाडाच्या चिकापासून केलेला नवा सूट सवलतीत मिळेल आणि जुन्याचा चुरा करून योगासनांच्या चटया होतील. दुरुस्तीची शेड मार्चपासून बंद.

लव्हडे हातातलं ठिगळ दाबत राहिली. मग म्हणाली, “म्हणजे वस्तू टिकाव्यात म्हणून टिकवणाऱ्या बाईला घालवायचं. शिकलेला दिसतोस, राजा.”

क्रिस्पिनचे कान लाल झाले. वरिष्ठांना आकडे लागतात, भावना चालत नाहीत, असं तो म्हणाला. लव्हडेने कसले आकडे ते विचारलं. त्याने थोडा विचार केला. कंपनीचे दहा वर्षांहून जुने दहा सूट पाण्यात उतरलेले दाखवा, म्हणाला, फेब्रुवारी संपायच्या आत, की मी बैठकीत शेडसाठी उभा राहीन.

लव्हडे हसली. दहा काय, पन्नास दाखवते, म्हणाली.

रविवारी तिने गावाला सूट घेऊन बोलावलं. दहा वर्षांहून जुने सहा निघाले. तिने पुन्हा मोजले तरी सहाच. ठिगळांच्या फळीकडे पाहत ती स्टुलावर बसली आणि माझ्या लक्षात यायच्या आधीच तिच्या लक्षात आलं. गावात कोणाचा सूट पार संपला की तो तिच्याकडे येई, आणि ती तो कापून दुसऱ्यांना ठिगळं लावी. तिचे सगळ्यात जुने सूट तिनेच तळहाताएवढे कातरून गावभर वाटले होते. एका सुटाच्या कोपरात तेरा जणांचे तुकडे होते, पण कॉलर कुठे होती? कॉलरीशिवाय क्रिस्पिन साल मानणार नव्हता.

“एकतीस वर्षं मी पुरावाच कातरत बसले की,” ती म्हणाली. त्यापुढे जे म्हणाली ते इथे लिहिण्यासारखं नाही.

मग शोध सुरू झाला. एक सूट चॅपेलच्या अंगणातल्या नळाला गुंडाळलेला सापडला, पाइप गोठू नये म्हणून. एक पोस्टमास्तरणीच्या दाराच्या फटीत वारा अडवत होता. एक होडीच्या इंजिनावर होता. असे नऊ झाले, आणि त्या नऊही सुटांना अंगात घालणारं कोणी ना कोणी मिळालं. दहावा म्हातारा खेकडेवाला जेगो टोन्किन याच्या बटाट्याच्या वाफ्यात होता, बुजगावण्याच्या अंगावर, गवताने ठासून भरलेला. द्यायला तो तयार होता. फक्त सूट फार बुटका आणि फार रुंद होता. लव्हडेने तो उलटासुलटा करून पाहिला आणि गावातल्या बायकांवरून नजर फिरवली. नजर माझ्यापाशी थांबली.

मी एका दमात थंड पाण्याने धाप कशी लागते, हृदय कसं थांबतं, पाण्याची ओढ कशी आत नेते हे सगळं सांगितलं. शाल्मली एवढंच म्हणाली, “आई, कमरेपर्यंत. दहा मिनिटं. डोकी मी मोजते.”

फेब्रुवारीच्या शेवटच्या शनिवारी पाणी नऊ अंशांवर होतं. ओलं रबर पायांवर चढावं म्हणून पावलांना प्लॅस्टिकच्या पिशव्या घालतात. माझ्या पिशव्या कंपनीच्या पर्यावरणविषयक माहितीपत्रकासोबत आल्या होत्या. मला आत कोंबायला लव्हडे आणि पोस्टमास्तरीण लागल्या. काखेत अजून गवत टोचत होतं.

क्रिस्पिन वही घेऊन एकेक कॉलर वाचत आला. माझ्यापाशी अडखळला. वर २००८ होतं, खाली दोन मुलींची नावं, आणि सगळ्यात खाली लव्हडेच्याच अक्षरात, ‘बुजगावणं, २०१९’. ती कॉलरमध्ये खोटं लिहीत नाही. बुजगावण्याचीही नोंद तिने ठेवली होती. खरं सांगते, मला थोडी आशाही वाटली, की आता उतरावं लागणार नाही.

“हा वापरात नव्हता,” क्रिस्पिन हळूच म्हणाला.

“सात वर्षं उघड्यावर उभा आहे,” लव्हडे म्हणाली. “ऊन, पाऊस, वारा. तुमच्या जाहिरातीतली माणसं रविवारी दोन तास बाहेर पडतात.”

मागे कोणीतरी फिस्सकन हसलं. क्रिस्पिनने पेन टेकवलं. “पाण्यात तर उतरवा.”

मी उतरले. घोट्यापर्यंत, गुडघ्यापर्यंत, मग एक लाट आली आणि कमरेपर्यंतचा करार मोडून गळ्यापर्यंत चढली. माझा श्वास बंद झाला. पाठीवरच्या शिवणीतून पाणी शिरेल म्हणून मी वाट पाहत होते. शिरलं नाही. ठिगळांच्या आत मी अख्खी, जिवंत आणि भयंकर गार होते. भिंतीवरून शाल्मली ओरडून आकडा सांगत होती, दहा, दहा, दहा. आणि मग, पोर्थवेलनमध्ये जे कोणीच करत नाही ते मी केलं. काय ऊब असते ती.

क्रिस्पिन बैठकीत उभा राहिला. शेडला दोन वर्षं मिळाली. झाडाच्या चिकाचे सूटही आले. तेही गुडघ्यावरच फाटतात, आणि तेही लव्हडेच शिवते.

मी दहावा सूट तीनदा धुऊन परत नेला, वर लव्हेंडर शिंपडून. लव्हडेने तो नाकाशी नेला. मग पांढरं पेन उघडून ‘बुजगावणं’ याच्या खाली तिने माझं नाव लिहिलं, आणि सूट माझ्याच हातात परत ठेवला.