तळहाताला कळलेला रंग

अशा चमत्काराच्या गोष्टी कुणी सांगायला लागलं की मी उठून चहा टाकायला जाणाऱ्यातली. आजही तशीच आहे. तरी हे लिहितेय... कारण याचा उलगडा मला अजून झालेला नाही.

नव्वदचं दशक सरत आलं होतं. हैदराबादेत गल्लोगल्ली कॉम्प्युटरचे क्लास निघाले होते. असाच एक कोर्स करून मी मलकपेठेतल्या एका फोटो स्टुडिओत लागले. काम एकच – जुने ब्लॅक अँड व्हाइट फोटो स्कॅन करून त्यांत रंग भरायचे.

एका दुपारी विद्यानगरहून सुलभाताई वडिलांना घेऊन आल्या. अप्पा निवृत्त संगीतशिक्षक. दोन वर्षांचे असताना देवी आल्या आणि डोळे गेले. ताईंची आई नुकतीच वारली होती. तिचा एकच फोटो होता, लग्नातला.

"शालू हिरवा करा," ताई म्हणाल्या. "लग्नात हिरवाच असतो."

त्या समोरच्या बाकावर बसल्या. त्यांच्याकडे मॉनिटरची पाठ होती. अप्पा म्हणाले, "मला तिच्याजवळ बसू द्या." मी खुर्ची दिली. त्यांनी तळहात अलगद स्क्रीनच्या काचेवर टेकवला.

मी शालू हिरवा केला.

"ही ती नव्हे," अप्पा म्हणाले.

मला वाटलं, दुःखात माणूस काहीही बोलतो. त्यांचं मन राखायला मी न बोलता रंग बदलत गेले – निळा, मोरपिशी, जांभळा...

"ठैरा!" त्यांनी दुसराही तळहात काचेवर टेकवला. "आली."

स्क्रीनवर गडद कोनफळी, लालसर जांभळा शालू होता. मी जन्मात निवडला नसता असा.

मी गुपचूप पुन्हा हिरवा केला. अप्पांनी चटका बसल्यासारखा हात उचलला. "गेली हो! का घालवलीत तिला?"

मागे उभे असलेले स्टुडिओचे मालक हळूच म्हणाले, "बस करो मॅडम. वोइच रंग दे दो."

ताई खट्टू झाल्या, पण अप्पांसाठी हो म्हणाल्या.

फोटो न्यायला ताई आणि अप्पा आले तेव्हा त्यांच्यासोबत सिकंदराबादची मावशी होती, आईची थोरली बहीण. फोटो पाहताच तिनं तो दाराशी उजेडात नेला.

"हा तर माझा शालू! कमलच्या हिरव्या शालूवर लग्नाच्या सकाळीच समईचं तेल सांडलं. अपशकुन म्हणतील म्हणून आईनं घाईघाईनं माझा नेसवला, वर कुणाला सांगू नका म्हणाली. अप्पा, कमल बोलली होती तुम्हाला?"

"नाही," अप्पा म्हणाले. "रंगांचं ती माझ्यापाशी कधी काढायचीच नाही. मला वाईट वाटेल म्हणून."

पुढे माझ्या इंजिनिअर भाच्यानं काचेची ऊब, स्थिर वीज वगैरे समजावलं. असेलही. हाताला फरक कळला असेल. पण त्यातला खरा कुठला, हे कसं कळलं?

त्या दिवशी फोटो घेऊन निघताना अप्पा दारात थांबले. तो छातीशी धरून त्यांनी मला विचारलं, "बाई, दिसतो कसा हो हा रंग?"

दिवसभर रंगांतच बसणारी मी... मला एक शब्द सुचला नाही. मी त्यांचा हात हातात घेऊन नुसती उभी राहिले.