काठी कोणाच्या हातात?

बाजारात ओल्या भुईमुगाचा वास आला आणि मला बाजारहत्नूरची शाळा आठवली.

इंग्रजीच्या सरांनी फळ्यावर लिहिलं होतं, ‘द वूमन चेज्ड द मंकी विथ अ स्टिक.’ मी अर्थ सांगितला, “बाईनं काठीवाल्या माकडाला पळवलं.” वर्ग खदखदून हसला. मी रडवेली झाले.

सर म्हणाले, “हसू नका. ‘विथ अ स्टिक’ पळवण्याला जोडता येतं, तसं माकडालाही.”

तेवढ्यात शेंगा द्यायला आलेली आई दारातूनच बोलली, “माकडाच्या हाती काठी असती तर बाई काऊन थांबली असती, सर? तेच पयाली असती!”

सरच सगळ्यांत जास्त हसले. मला मात्र आईच्या बोलीची लाज वाटली होती.

आता मीही इंग्रजी शिकवते. व्याकरण दोन्ही अर्थ चालवून घेतं. खरा कोणता, हे माकडांपासून शेत राखणाऱ्या आईलाच कळलं होतं.