दादांच्या वाटची चव

माझ्या आयुष्यातली एकुलती एक सिंगल माल्ट व्हिस्की मी चिंधीचा बोळा लावलेल्या बाटलीतून प्यायलो. तोवर ती आठ वर्षं उघडीच होती.

बाटली परदेशी गेलेल्या एका विद्यार्थ्यानं दिलेली. मास्तरच्या घरात दारू दिसली असती तर बायकोनं घर डोक्यावर घेतलं असतं, म्हणून मी ती पुसेगावकडच्या आमच्या शेतात, आखाड्यावरच्या, म्हणजे शेतातल्या घराच्या, पेटीत नेऊन ठेवली. निवृत्त झाल्यावर उघडू, असा बेत होता. आखाड्यावर माझे थोरले भाऊ दादा आणि वहिनी राहतात, शेती बघतात, मेंढ्या पाळतात. त्याच हिवाळ्यात एक कोकरू गारठलं. वहिनींनी सील फोडून, औषध समजून चमचाभर त्याच्या तोंडात ओतलं आणि सकाळी ते उड्या मारायला लागलं. मग काय, दर थंडीत चमचा चमचा. बूच तुटलं तेव्हा चिंधी कोंबली. मला कळलं तेव्हा मी कपाळाला हात लावला.

"भाऊजी, त्याच्यावर काय लिवलंय मला काय ठावं? कोकरू जगलं का न्हाई?"

गाढवाला गुळाची चव काय, असं म्हणतात. इथं तर मेंढरांना स्कॉच! रागानं मी त्या बाटलीचं नावच टाकलं.

गेल्या वर्षी दादांच्या गालात गाठ निघाली. तंबाखूची कृपा. नांदेडला ऑपरेशन झालं, मग रेडिएशनचे शेक झाले. गाठ गेली, पण जिभेची चवही गेली. हळूहळू येईल, असं डॉक्टर म्हणाले. पाच महिने झाले तरी आली नाही. "माती खाऊन राहिलो," म्हणत दादा दोन घासांत ताट सारायचे. माणूस निम्मा झाला होता. वहिनी दर दोन दिवसांनी मला फोन करायच्या, "भाऊजी, तुमी या. तुमचं ऐकतील." माझं आजवर कुणी ऐकलंय? पण मी जायचो. एवढ्या मोठ्या दुखण्यातून सुटलेला माझा भाऊ भुकेनं जाईल, अशी मला भीती वाटत होती.

एका दुपारी दादा म्हणाले, "ती तुही बाटली काढ. तीबी कळाली न्हाई तर मंग सोडून देतो नाद."

कसला नाद, हे विचारायचं धाडस मला झालं नाही. डॉक्टरांना कळलं असतं तर त्यांनी मलाच झोडपलं असतं, पण नाही म्हणवेना. अडचण निराळीच होती. साठी उलटली तरी दादांसमोर मी साधी सुपारी चघळलेली नाही, दारू तर दूरच. तोडगा त्यांनीच काढला. बाजेवर आम्ही पाठीला पाठ लावून बसलो, म्हणजे कुणी कुणाला पाहायला नको. वहिनींनी नाक मुरडत दोन स्टीलच्या पेल्यांत थोडी थोडी ओतली आणि वर पाणी घातलं.

दादांच्या पाठीची हाडं मला सदऱ्यातून टोचत होती. त्यांनी घोट घेतला, ठसकले.

"आग होऊन राहिली नुसती. चव न्हाई." त्यांनी पेला खाली टेकवला. मग म्हणाले, "तू सांग."

"काय सांगू?"

"कशी लागून राहिली ते."

आयुष्यभर पोरांना कवितेचे अर्थ सांगितले, इथं चवीचा सांगायचा होता. घोट घेतला. आठ वर्षांत तिचा जोर सरला होता. आधी काहीच लागलं नाही, मग जिभेच्या कडेला धूर आला.

"हळद शिजवल्यावर कढईखाली जाळ विझतो न दादा, तसला धूर."

"मंग?"

"मंग गोड. बुडाला लागलेल्या काकवीवानी."

"बराबर," दादा म्हणाले, जणू त्यांनाही लागली. "आन् शेवटाला?"

"शेवटाला ओलं लाकूड."

त्यांची पाठ हलत होती. मी वळून पाहिलं नाही. माझेही डोळे वाहत होते, हे सांगायला मला आता लाज वाटत नाही.

"आणखी एक घोट घे," ते म्हणाले. "आन् हळू सांग."

संध्याकाळी वहिनी त्यांचं ताट घेऊन आल्या.

"तुहं ताट कुठाय?" दादांनी विचारलं.

लग्नाला चाळीस वर्षं झाली, वहिनी त्यांच्या आधी एक घास जेवल्या नव्हत्या. "तुमचं होऊ द्या. मंग खाते की."

"आण म्हणतो न. तू खा आन् मला सांग."

वहिनींनी माझ्याकडं पाहिलं, पदर सावरला आणि स्वतःचं ताट वाढून आणून संकोचानं बसल्या. वरणात कुस्करलेल्या भाकरीचा घास त्यांनी हळूच चावला.

"मीठ कमी पडलंय," म्हणत त्या उठायला लागल्या. दादांनी माझ्यादेखत त्यांचा हात धरून खाली बसवलं.

"ऱ्हाऊ दे. आणखी?"

"लसूण लागतोय. जरा करपलाय."

"हं," दादा म्हणाले आणि त्यांनी घास उचलला. त्यांचं ताट रिकामं होईपर्यंत वहिनी सांगत राहिल्या.